वर्दीतला वायरलेस की सीप्झमधला संगणक?

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारायला येतात. काही वर्षांपूर्वी प्रश्न ठरलेला असायचा, "सर, मुलाला कॉम्प्युटरला घालू की आयटीला?" म्हणजे दोन्हीकडे एकच. अलीकडे दुसरा प्रश्नही कानावर येऊ लागला आहे आणि तो बहुतेक वेळा मुलगाच विचारतो, अब्बांच्या पाठीमागे उभा राहून, हळू आवाजात. "सर, फौजेत सिग्नलचे काम असते ना, तेही कॉम्प्युटरचेच. तिथे गेलो तर?"

मरोळच्या मुलाने हे विचारावे यात गंमत आहे. इथे दोन्ही जगांच्या पाट्या वस्तीतच लागलेल्या आहेत. आपल्याकडे मिलिटरी रोड आहे. नाव फौजी असले तरी त्या रस्त्यावर आता इमारती, दुकाने आणि रिक्षांची रांग. पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून कवायतीचा आवाज येतो. आणि पलीकडे सीप्झ. सांताक्रुझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन असे त्याचे लांबलचक नाव. आहे अंधेरी पूर्वेला, पण नाव सांताक्रुझचे. १९७३ साली निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवायला ते उभे राहिले, नंतर सोन्या-हिऱ्यांच्या दागिन्यांचे कारखाने आले, मग सॉफ्टवेअर आले. आपल्या मोहल्ल्यातले किती तरी अब्बा आणि चाचा तिथे दागिन्यांना पॉलिश करतात. त्यांची मुले त्याच फाटकातून गळ्यात ओळखपत्र घालून संगणकावर बसायला जावीत, एवढेच त्यांचे स्वप्न. २०१४ मध्ये मेट्रोने मरोळ नाका घाटकोपर आणि वर्सोव्याला जोडला, ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोही आली आणि सीप्झ नावाचे स्थानकच झाले. घरापासून दहा मिनिटांवर एवढी कार्यालये असताना मुलाने जबलपूरला का जावे, असे अम्मीला वाटले तर तिचे काय चुकले?

तरीही प्रश्न टाळण्यासारखा नाही. तेव्हा आधी हे सिग्नलचे काम काय असते ते पाहू.

भारतीय सेनेची कोअर ऑफ सिग्नल्स १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झाली. 'तीव्र चौकस' हे तिचे ब्रीद. २६ जानेवारीच्या संचलनात मोटारसायकलवर माणसांचे मनोरे रचणारे 'डेअर डेव्हिल्स' मुलांना ठाऊक असतात, ते याच कोअरचे जवान. त्यामागे इतिहास आहे. तारा तुटल्या, वायरलेस बंद पडला की मोटारसायकलस्वारच कागदावरचा निरोप घेऊन धावत असे. आज काम पुष्कळ बदलले आहे. रेडिओ संच, ऑप्टिकल फायबर, उपग्रहाची जोडणी, सर्व्हर, नेटवर्कची सुरक्षा हे सारे सिग्नल्सकडे असते. म्हणजे सीप्झच्या इमारतीत वातानुकूलित खोलीत जे नेटवर्क चालते त्याचाच भाऊबंद. फरक एवढाच की इथला फायबर बर्फात, वाळूत नाही तर जंगलात टाकायचा असतो, जनरेटर आणि बॅटऱ्या आपल्याच पाठीवर असतात, आणि लढाई पेटली की शत्रू सर्वांत आधी दळणवळणच तोडायला बघतो. जवानांचे प्रशिक्षण जबलपूर आणि पणजी इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये होते. अधिकाऱ्यांचे आणि वरच्या तांत्रिक शिक्षणाचे मोठे केंद्र मध्य प्रदेशात महू इथे आहे, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनियरिंग. पणजीचे नाव ऐकले की कोकणातल्या मंडळींचा चेहरा जरा खुलतो. कोकण रेल्वेने रात्री बसले की सकाळी मुलाला भेटता येईल, असा त्यांचा हिशेब.

७ मे २०२५ च्या सकाळी ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर आल्या तेव्हा प्रत्येक घरात त्यांचे नाव झाले. त्या कोणत्या शाखेच्या, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले. त्या सिग्नल्सच्या अधिकारी आहेत. बडोद्याच्या, जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून १९९९ मध्ये सेनेत आल्या. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कांगोला होत्या. मार्च २०१६ मध्ये आपल्या पुण्यात 'फोर्स १८' हा अनेक देशांचा सराव झाला. त्यात भारताच्या तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले आणि सहभागी देशांच्या तुकड्यांमध्ये त्या एकट्याच महिला प्रमुख होत्या. महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० ला दिला. त्या निकालपत्रातही त्यांच्या कामगिरीचा उल्लेख आहे.

वायरलेसवर बसणाऱ्या मुस्लिम स्त्रीची याहून जुनी गोष्ट नूर इनायत खान यांची. टिपू सुलतानच्या वंशातल्या, सूफी हजरत इनायत खान यांच्या कन्या. दुसऱ्या महायुद्धात जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये गुप्तपणे वायरलेस ऑपरेटर म्हणून उतरवले. त्या पकडल्या गेल्या आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. वर्गात हे सांगितले की मुली पुस्तक मिटून ऐकतात.

पण कर्नल कुरेशींचे नाव घेऊन जो मुलगा येतो त्याला आम्ही आधी विचारतो, "तू कोणत्या दाराने जाणार आहेस?" कारण फौजेची दारे दोन आणि त्यांचे हिशेब अगदी निराळे. आपल्या घरांत याचाच सर्वांत जास्त गोंधळ असतो.

पहिले दार जवानाचे. जून २०२२ पासून ते अग्निवीर नावाने ओळखले जाते. वय साडेसतरा वर्षांपासून, लग्न झालेले नसावे, नोकरी चार वर्षांची. तांत्रिक गटासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्यालाही हे दार उघडे आहे. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, तेवढीच भर सरकार घालते. हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि शेवटच्या वर्षी २८,००० येतात. राहणे, जेवण आणि वर्दी फौजेची. चार वर्षांनी सेवा निधीचे १०.०४ लाख, व्याज धरून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात आणि त्यावर कर नाही. ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम ठेवतात, बाकीचे घरी. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरू लागतात.

इथे एक गोष्ट मुलांना दोनदा सांगावी लागते. अग्निवीर तांत्रिकमध्ये निवड झाली म्हणजे सिग्नल्सच मिळेल असे नाही. फौज आपल्या गरजेप्रमाणे वाटणी करते. कोणी सिग्नल्समध्ये जातो, कोणी वाहने आणि शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, कोणी आणखी कुठे. आमच्याकडे दहावीपर्यंत शिकलेला एक मुलगा नेटवर्किंगच्या ओढीने गेला आणि त्याच्या वाट्याला रणगाड्यांची वर्कशॉप आली. तो तिथे रमला आहे, पण पहिले सहा महिने त्याच्या अम्मीला फोनवर एकच ऐकावे लागत होते, "मी यासाठी आलो नव्हतो."

दुसरे दार अधिकाऱ्याचे. बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए, वर्षातून दोनदा लोकसेवा आयोगाची परीक्षा. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलची भरती. तिच्यात संगणक, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन या शाखांना जागा असतात. ही नोकरी दहा वर्षांची, पुढे चार वर्षे वाढू शकते, कायम नियुक्तीचाही मार्ग आहे. परीक्षा झाली किंवा अर्ज निवडला गेला की पाच दिवसांची एसएसबी मुलाखत. तिथे इंग्रजी बोलायचे, दहा अनोळखी मुलांत उभे राहून आपले मत मांडायचे, आणि न घाबरता "मला ठाऊक नाही" म्हणायचे. आपली मुले गणितात कमी पडत नाहीत, इथे अडखळतात. त्याची तयारी बारावीनंतर दोन महिन्यांच्या क्लासने होत नाही. आठवीपासून वर्गात उभे राहून बोलायची सवय लावावी लागते, आणि घरात जेवताना अब्बांनी मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकावे लागते. मुलासाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासूनची. दहावीनंतर निवड करून दोन वर्षे एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. मरोळमध्ये आम्ही ज्या घरांत हे सांगितले त्यांतल्या निम्म्यांहून अधिक घरांनी या संस्थांचे नाव प्रथमच ऐकले.

मुलींच्या पालकांनी इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेनेत अग्निवीर म्हणून मुलींना फक्त मिलिटरी पोलिसात घेतात. सेनेच्या सिग्नल्समध्ये जायचे तर अधिकारी होऊनच. नौदल आणि हवाई दलात मात्र मुली अग्निवीर होऊ शकतात. हवाई दलाच्या अग्निवीरांचे पहिले प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला होते आणि नौदलाचे ओडिशात चिल्का इथे. कर्नल कुरेशींचा फोटो मोबाईलवर ठेवणाऱ्या मुलीला तरी हा फरक कोणीतरी वेळेवर सांगायला हवा.

आता सीप्झच्या बाजूचा हिशेब. आयटीचा पगार म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लाखाचा आकडा येतो. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांमध्ये नव्या मुलाला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार सुरू होतो आणि कित्येक वर्षे हा आकडा फारसा हललेला नाही. महिन्याला २८-२९ हजार, त्यातून भविष्यनिर्वाह निधी वगैरे कापून जे उरेल ते. म्हणजे चार वर्षे अभियांत्रिकी शिकून, फी भरून बाविसाव्या वर्षी मुलाच्या हातात जे येते, ते अग्निवीराच्या चौथ्या वर्षाच्या हातातल्या पगाराएवढेच. शिवाय अग्निवीर त्या वयात दहा लाखांची रक्कम घेऊन बाहेर पडतो.

इथपर्यंत ऐकून मुले उठून उभी राहतात. त्यांना आम्ही पुन्हा बसवतो. कारण खरा फरक बाविसाव्या वर्षानंतर सुरू होतो. आयटीतला मुलगा नीट शिकत राहिला तर पाच-सात वर्षांत त्याचा पगार दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. हातात पदवी असल्याने तो कंपनी बदलू शकतो, दुबईला जाऊ शकतो. चार वर्षांनी परतलेल्या अग्निवीराकडे रक्कम आणि शिस्त असते, पण पदवी नसेल तर सीप्झचे फाटक त्याला लगेच उघडत नाही. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम ठेवला आहे, ज्यात फौजेतल्या प्रशिक्षणाचे श्रेयांक धरले जातात. जो मुलगा त्या चार वर्षांत ही पदवी पूर्ण करेल आणि नेटवर्किंगची एखादी प्रमाणपत्र परीक्षा देईल, त्याचे बरे चालेल. जो सेवा निधीत गावी घर बांधून बहिणीचे लग्न उरकेल, तो सव्विसाव्या वर्षी सुरक्षारक्षकाच्या नोकरीला उभा असेल. बहिणीचे लग्न वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण ते पैसे त्या मुलाच्या पुढच्या शिक्षणाचे आहेत, हे घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले बरे. पैसा आल्यावर ठरवायला बसलो की प्रत्येकाची गरज त्या मुलाच्या गरजेपेक्षा मोठी दिसते.

आयटीही आता पूर्वीचे राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि नव्या मुलांना जे साधे काम दिले जायचे, छोटे कोड लिहिणे, चाचण्या घेणे, तेच ती आधी खाते आहे. आणखी एक खुलासा आवश्यक आहे. "मुलगा सीप्झला आयटीत आहे" असे ज्या घरांत अभिमानाने सांगतात, त्यांतल्या काही घरांतला मुलगा खरे तर रात्रपाळीत परदेशी ग्राहकांचे फोन घेत असतो. ते काम हलके नाही आणि हराम तर मुळीच नाही. पण त्यातून इंजिनियर होता येत नाही, आणि रात्री जागून दिवसा झोपणाऱ्याची फज्र आणि जुहर दोन्ही जातात. नोकरी घेताना काम नक्की काय आहे ते विचारायला लाजू नये.

कोकणी मुस्लिम घरांतल्या वडीलधाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवेल. जहाजावर रेडिओ ऑफिसर असणे हा एके काळी केवढा मान! मोर्सचे कट्ट-कड समजणारा माणूस म्हणजे कप्तानाच्या खालोखाल. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांनी त्या पगारावर पक्की घरे बांधली. पुढे उपग्रहावर चालणारी जागतिक संकटसूचना व्यवस्था आली, १ फेब्रुवारी १९९९ पासून ती पूर्ण लागू झाली आणि जहाजावर वेगळा रेडिओ ऑफिसर ठेवायची गरज संपली. ज्यांनी वेळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकून घेतले ते जहाजावरच राहिले. बाकीचे किनाऱ्यावर आले. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवाही बंद झाली. दळणवळणाचे काम कधी संपत नाही, यंत्र मात्र बदलते. फौजेतला सिग्नलमन असो की सीप्झमधला नेटवर्क इंजिनियर, दोघांनाही दर पाच वर्षांनी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. ज्याला शिकायचा कंटाळा त्याने दोन्हीकडे जाऊ नये, दुकान पाहावे.

आता ते प्रश्न, जे पालक इतरांसमोर विचारत नाहीत. आम्ही इथे उघडच घेतो.

"आपल्या मुलांना घेतात का?" अग्निवीरची लेखी परीक्षा संगणकावर होते आणि धाव घड्याळावर. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पार करणारा सर्वांत वरच्या गटात येतो, त्याचे नाव काहीही असो. २०२५ पासून ही परीक्षा तेरा भाषांत घेतली जाते आणि त्यांत उर्दू आणि मराठी दोन्ही आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलाला यापुढे भाषेची सबब नाही. २०२२ मध्ये मुंब्र्याच्या मैदानावर अग्निवीर भरतीचा मेळावा भरला होता, म्हणजे भरती आपल्या दारापर्यंत येऊन गेली. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान १९४८ मध्ये काश्मीरच्या आघाडीवर शहीद झाले आणि अब्दुल हमीद यांना १९६५ च्या युद्धातील पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, हे आपण दर १५ ऑगस्टला सांगतो. पण त्यांची नावे सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी मुलाचा भरतीचा अर्ज भरला? अर्ज न भरलेल्या मुलाला कोणी नाकारलेले नसते. तिथे गेल्यावर टोचून बोलणारा एखादा भेटणारच नाही, असे खोटे आश्वासन मात्र आम्ही देत नाही. तो कॉलेजात भेटतो, कंपनीत भेटतो, लोकलच्या डब्यातही भेटतो.

"नमाज-रोज्याचे काय?" सेनेच्या तुकड्यांत सर्वधर्म स्थळ असते आणि मुस्लिम जवानांसाठी मौलवींची धर्मशिक्षक म्हणून रीतसर भरती होते. प्रशिक्षणाच्या काळात मात्र दिवस घड्याळाने बांधलेला असतो. नमाज मिळालेल्या सवडीत पढावी लागते आणि प्लाटूनमध्ये तो एकटाच मुस्लिम असू शकतो. जेवणात मांसाबद्दल शंका असली तर मुले डाळ-भाजी आणि अंड्यांवर राहतात, असे आमच्या विद्यार्थ्यांनी सांगितले. दाढीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. हवाई दलातील एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवल्यामुळे नोकरीतून काढले गेले. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने दलाचा निर्णय कायम ठेवला. ज्या मुलासाठी दाढी अत्यावश्यक आहे त्याने हे अर्जाआधी जाणून घ्यावे, प्रशिक्षण केंद्रात जाऊन भांडू नये. त्याच्यासाठी सीप्झ उघडे आहे, तिथे दाढी कोणी मोजत नाही.

"व्याज?" सेवा निधीतली स्वतःची रक्कम आणि सरकारची भर हा कष्टाचा मोबदला. वर येणाऱ्या व्याजाचे काय करावे ते आपल्या आलिमांना विचारावे, अनेक घरे ती रक्कम सवाबच्या नियतीशिवाय गरजूंना देऊन टाकतात. पण आयटी निवडले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. भविष्यनिर्वाह निधीत व्याज असते आणि अभियांत्रिकीच्या फीसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जात तर ते आपल्याला भरावे लागते. त्यामुळे कर्ज काढण्याआधी अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक किंवा पनवेलचे काळसेकर यांसारख्या संस्थांत, तसेच जमातीच्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीची चौकशी करावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचा पर्यायही माहीत असावा.

आणि अम्मीचा प्रश्न, जो ती विचारत नाही, फक्त ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसते. मुलगा परत येईल ना? याचे उत्तर शिक्षकाकडे नाही, भरती कार्यालयाकडेही नाही. आम्ही एवढेच सांगतो की सिग्नल्सवाला सगळ्या फौजेचे फोन जोडतो आणि स्वतःच्या घरी मात्र कित्येक दिवस फोन करू शकत नाही. मोबाईलवर बंधने असतात, कुठे आहे ते सांगता येत नाही, कामाचा तपशील तर नाहीच. मुलाचा फोन दोन दिवस आला नाही की ज्या घरात जेवण उतरत नाही, त्या घराने हे आधी आपापसांत बोलून घ्यावे. वर्षाला तीस दिवसांची सुट्टी असते, ती ईदला मिळेलच असे नाही.

गेल्या साली एका मुलाकडे दोन्ही कागद होते. अब्बा सीप्झमध्ये पॉलिशच्या कामाला, घरात दोन धाकट्या बहिणी. अग्निवीर तांत्रिकची निवड झालेली आणि एका खासगी कॉलेजात आयटीला प्रवेशही मिळालेला, फी वर्षाला लाखाच्या पुढे. अब्बांना कॉलेज हवे होते, कारण आयुष्यभर ज्या इमारतीखालून चालत गेलो तिच्यात मुलगा वर जाईल. मुलाला वर्दी हवी होती. मामूंनी कर्ज काढून देतो म्हटले. आम्ही त्यांना एक कागद घेऊन बसवले आणि दोन रकाने केले. वय १८ ते २६, प्रत्येक वर्षी घरातून किती जाणार, घरात किती येणार, आणि त्या वर्षाअखेर मुलाच्या हातात कोणते प्रमाणपत्र असणार. तिसरे काही लिहायचे नाही. कॉलेजच्या रकान्यात पहिली चार वर्षे फक्त जाणारा पैसा होता, फौजेच्या रकान्यात प्रमाणपत्राची जागा कोरी होती. ती कोरी जागा पाहून मुलगाच म्हणाला, "सर, इथे इग्नू लिहा." तो गेला. जायच्या आधी अब्बांनी त्याच्याकडून पदवीचा फॉर्म भरून घेण्याचे वचन घेतले आणि सेवा निधीला घरातले कोणी हात लावणार नाही असे स्वतः सर्वांसमोर सांगितले.

दुसऱ्या एका घरात हाच कागद उलटा पडला. मुलगा हुशार, पण चष्म्याचा नंबर मोठा आणि घरात आजारी आई. त्याने साबू सिद्दीक पॉलिटेक्निकचा डिप्लोमा धरला, मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी. आज तो नेटवर्कच्या कामात आहे, मेट्रोने जातो आणि संध्याकाळी आईला दवाखान्यात नेतो.

या दोन टोकांच्या मधल्या वाटाही आहेत आणि त्या फार कमी घरांना दिसतात. सीमा सुरक्षा दलात हेड कॉन्स्टेबल रेडिओ ऑपरेटर आणि रेडिओ मेकॅनिक अशी पदे निघतात, नोकरी कायम. महाराष्ट्र पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, त्याचे मुख्यालय पुण्यात. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी फौजेसाठीच रेडिओ आणि रडार बनवते. या सगळ्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी चालते. ज्या मुलाचे मन अजून ठरलेले नाही त्याच्यासाठी दहावीनंतरचा इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटतो. त्यातून अग्निवीर तांत्रिकला जाता येते, अभियांत्रिकीला जाता येते, कंपनीतही जाता येते. पालकांना मात्र 'डिप्लोमा' शब्द हलका वाटतो. लग्नाच्या बोलणीत 'इंजिनियर' सांगायला बरे वाटते ना!

शेवटी कागदपत्रांबद्दल, कारण आपली मुले मैदानावर कमी आणि या टेबलावर जास्त अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसते 'मो.' आणि आडनाव एकीकडे शेख तर दुसरीकडे गायब. अब्बांचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे. कंपनी एखादे प्रतिज्ञापत्र घेऊन भागवून घेईल, भरती कार्यालय भागवत नाही. इंग्रजी अक्षरे प्रत्येक कागदावर तंतोतंत जुळली पाहिजेत. ही दुरुस्ती आठवी-नववीतच शाळेत करून घ्यावी. दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेला की तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. त्याबरोबर अधिवास दाखला, चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो. अग्निवीरचे अर्ज साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरले जातात, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत. तेव्हा फाईल डिसेंबरमध्येच तयार हवी. धावायचा सराव करायचा तर फज्रनंतर आरेच्या रस्त्याला गाड्या कमी असतात.